दोन लहान मुले, एक बाबागाडी आणि दोन टप्प्यांचा विमानप्रवास

ओंजळ

येत्या दीड महिन्यात मला नऊ महिन्यांचे बाळ आणि तीन वर्षांची मुलगी यांना घेऊन विमानाने जायचे आहे, आणि वाटेत एकदा विमान बदलायचे आहे. जाताना मी एकटी असेन; परतीच्या वेळी मुलांचे बाबा बरोबर असतील. कपडे, औषधे, खेळणी यांची यादी मी करू शकते. मला धास्ती आहे ती बाबागाडीची, आणि ती अनुभवातून आलेली आहे.

मुलगी दीड वर्षाची असताना असाच दोन टप्प्यांचा प्रवास केला होता. पहिल्या विमानात चढताना गेटवरच्या कर्मचाऱ्याने गाडीला एक चिठ्ठी अडकवली, मी दाराशी तिची घडी घालून ठेवली आणि उतरल्यावर ती तिथेच मिळेल असे गृहीत धरून निश्चिंत झाले. मधल्या विमानतळावर उतरले तर दाराशी गाडी नव्हती. ती थेट शेवटच्या मुक्कामी रवाना झाल्याचे विचारपूस केल्यावर कळले. पुढचे विमान साडेतीन तासांनी होते. मुलगी डाव्या खांद्यावर गाढ झोपलेली, उजव्या खांद्यावरची पिशवी दर दहा पावलांनी कोपरापर्यंत घसरणारी, आणि स्वच्छतागृहात जायचे तर झोपलेल्या मुलीला ठेवायचे कुठे हा प्रश्न. शेवटी गाडी सामानाच्या पट्ट्यावर आली तेव्हा तिचे पुढचे एक चाक आतल्या बाजूला वाकलेले होते, त्यामुळे ढकलली की ती सारखी डावीकडे ओढ घेत असे. मी इतकी दमले होते की तशीच बाहेर पडले. दहा-बारा दिवसांनी तक्रार केली, तेव्हा मुदत उलटून गेल्याचे उत्तर आले.

म्हणून विचारते. गाडी सुरुवातीलाच मोठ्या सामानात द्यावी, की विमानाच्या दारापर्यंत न्यावी? आणि दुसरा प्रश्न असा की बाळाला मांडीवर घ्यावे, की त्याच्यासाठी स्वतंत्र आसन काढावे? या दुसऱ्या प्रश्नावर घरात एकमत होत नाही.


धावपट्टी

ओंजळताई, मी काही वर्षे विमानतळावर सामान हाताळणाऱ्या विभागात काम केले आहे, त्यामुळे गाडीचे पुढे काय होते हे सांगू शकतो.

चेक-इनच्या काउंटरवर दिलेली गाडी इतर बॅगांबरोबर सरकत्या पट्ट्यांवरून जाते. त्या पट्ट्यांवर वळणे आणि उतार असतात आणि मागून वीस-बावीस किलोंच्या बॅगा येऊन आदळतात. दाराशी दिलेली गाडी मात्र या वाटेने जात नाही. ती हाताने खाली नेली जाते आणि बहुधा सगळ्यात शेवटी सामानकक्षात ठेवली जाते, म्हणूनच ती उतरल्यावर आधी काढता येते. तिला इजा होतच नाही असे नाही, पण धोका बराच कमी होतो. शिवाय विमानतळावरचे लांब अंतर, तपासणीनंतरचे थांबणे आणि उशीर झाल्यास वाढणारे तास या सगळ्यांत गाडी हाताशी राहते. एकट्या माणसाबरोबर दोन मुले असतील तर मी दारापर्यंतच न्या असे सांगेन.

तुमची फसगत झाली ती चिठ्ठीमुळे. गेटवर लावलेल्या चिठ्ठीवर विमानतळाचे तीन अक्षरी संकेतचिन्ह असते. ते मधल्या विमानतळाचे आहे की शेवटच्या, हे तिथेच उभे राहून वाचून घ्या. मधल्या ठिकाणी गाडी हवी असेल तर ते गेटवर स्पष्ट शब्दांत सांगा आणि विचारा, ‘ही मला विमानाच्या दाराशी मिळेल की सामानाच्या पट्ट्यावर?’ उत्तर विमानतळागणिक बदलते. विमान इमारतीपासून दूर उभे राहिले आणि प्रवाशांना बसने नेले, तर गाडी जिन्याच्या पायथ्याशी येऊ शकते किंवा पट्ट्यावर जाऊ शकते. काही विमानतळ दाराशी गाडी परत देतच नाहीत. मधल्या ठिकाणी ती मिळणार नाही असे कळले, तरी निदान तुम्ही त्या तयारीने उतराल.

गाडी सोपवण्यापूर्वी आणखी एक काम करा. टोपली आणि मागचे खिसे पूर्ण रिकामे करा. पेला ठेवायची कडी, पावसाचे आवरण, लटकवलेली खेळणी अशी सुटी होणारी प्रत्येक वस्तू काढून पिशवीत ठेवा. घडीची कडी नीट बसली आहे ना ते पाहा आणि वरून एक पट्टा आवळा, कारण उचलताना अर्धवट उघडणारी गाडी सर्वांत आधी मोडते. टोपलीत पॉवर बँक किंवा गाडीला अडकवलेला बॅटरीचा पंखा असेल तर तो आठवणीने बाहेर काढा. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानकक्षात न्यायला मनाई आहे, कारण तिथे आग लागली तर ती विझवायला जवळ कोणी नसते. मी टोपल्यांमधून अशा वस्तू स्वतः काढलेल्या आहेत. पालकांचा त्यात हलगर्जीपणा नसतो, गडबडीत त्या विसरल्या जातात एवढेच.

सोपवताना फोनवर गाडीचे दोन फोटो घ्या, त्यातला एक चाकांचा असू द्या, आणि चिठ्ठीचा तुमच्याकडचा अर्धा तुकडा जपून ठेवा. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू असेल, तर सोपवलेल्या सामानाला झालेल्या नुकसानीची लेखी तक्रार सामान हाती आल्यापासून ७ दिवसांत करावी लागते. सामान उशिरा मिळाल्याबद्दलच्या तक्रारीला २१ दिवस मिळतात. तुमची मुदत हुकली ती इथे. विमानतळातून बाहेर पडण्यापूर्वीच, सामान मिळते त्या दालनातल्या खिडकीवर नोंद करून तिचा क्रमांक घेतला की पुढचे पुष्कळ सोपे होते.


दोनचाके

वरच्या सल्ल्याला एक पर्याय सुचवतो. आता अशा गाड्या मिळतात ज्यांची घडी डोक्यावरच्या कप्प्यात मावते. विमान कंपन्यांच्या ‘आयाटा’ या संघटनेने हातसामानासाठी सुचवलेले कमाल माप ५६ × ४५ × २५ सेंटीमीटर आहे आणि काही गाड्यांची घडी त्यात बसते. मात्र हे माप केवळ मार्गदर्शक आहे. प्रत्येक कंपनी स्वतःचे माप ठरवते, काही कंपन्या घडी कितीही लहान असली तरी गाडी हातसामानात धरत नाहीत, आणि विमान भरलेले असेल तर ती दाराशी काढूनही घेतात. त्यामुळे अशी गाडी असली तरी ती आत जाईलच असे धरून बेत करू नये.

मुळात घडीच्या हलक्या बाबागाडीचा जन्म विमानविद्येतूनच झाला आहे. ओवेन मॅक्लारेन हे ब्रिटिश अभियंते दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या उतरण्याच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलेले होते. आपल्या मुलीला जड गाडी वागवताना त्यांनी पाहिले आणि १९६५ मध्ये अॅल्युमिनियमच्या पोकळ नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी तयार केली. तिचे वजन तीन किलोंच्या आत होते. विमानाची चाके जशी पोटात मिटतात तशी ही गाडी मिटावी, हा विचार मला फार सुंदर वाटतो. तुमची गाडी जड असेल आणि नवी घेणे शक्य नसेल, तर प्रवासापुरती कोणाकडून तरी छत्रीघडीची गाडी मागून घ्या. ती वाकली तरी मोठा तोटा होत नाही, आणि अशी काही गाडी एका हातानेही मिटते. कडेवर बाळ असताना गाडी एका हाताने मिटवता येते की नाही, हे घरी चार-पाच वेळा करून बघा.


रानवारा

गाडी कोणतीही असो, बाळाला छातीशी बांधायची कापडी झोळी किंवा बेबी कॅरिअर बरोबर असलेच पाहिजे. मी जुळ्या मुलांसह प्रवास केला आहे आणि हे अगदी मनापासून सांगते. सुरक्षा तपासणीत बाळाला गाडीतून बाहेर काढावेच लागते आणि गाडी मिटून क्ष-किरण यंत्रातून जाते; ती यंत्रात मावत नसेल तर हाताने तपासतात. त्या क्षणी बाळ, गाडी, बूट, पिशवी आणि मोठे मूल हे सगळे एकदम सांभाळायचे असते. मी त्यासाठी एक क्रम ठरवला होता. आधी पिशव्या ट्रेमध्ये, मग गाडीची टोपली रिकामी, मग बाळ झोळीत आणि सर्वांत शेवटी गाडीची घडी. घाईघाईने गाडी आधी मिटली की बाळाला ठेवायला जागाच उरत नाही. काही ठिकाणी झोळीही सोडायला सांगतात, तेव्हा ती मागे हात न वळवता सुटणारी असावी.

बाळाचे दूध आणि उकळून थंड केलेले पाणी १०० मिलिलिटरपेक्षा जास्त असले तरी प्रवासाला पुरेल इतके नेऊ देतात. ते पिशवीच्या तळाशी न ठेवता वर ठेवा आणि विचारायच्या आधीच दाखवा. कधी कधी बाटली वेगळी तपासतात, त्यासाठी थोडा वेळ हाताशी ठेवावा.

सरकत्या जिन्यावर गाडी कधीही चढवू नका. लिफ्टसाठी दहा मिनिटे थांबावे लागले तरी थांबा.


पट्टाबांधा

ओंजळताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळले नाही आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

दोन वर्षांखालील मुलाला मांडीवर घेऊन जाण्याची मुभा बहुतेक सर्व विमान कंपन्या देतात. आपण ती सोय म्हणून स्वीकारतो आणि त्यातच सुरक्षितताही आहे असे समजतो. पण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या युनायटेड २३२ या विमानाचे हायड्रॉलिक्स, म्हणजे द्रवाच्या दाबाने विमानाचे नियंत्रण हलवणारी यंत्रणा, निकामी झाले आणि ते सू सिटी येथे आपत्कालीन स्थितीत उतरताना कोसळले. विमानात मांडीवरची चार मुले होती. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे त्यांना पायाशी, जमिनीवर, मऊ कापडात ठेवायला पालकांना सांगण्यात आले. त्या चारपैकी एक मूल दगावले. ही सूचना ज्यांना द्यावी लागली त्या मुख्य हवाई सेविका जॅन ब्राउन यांनी पुढे अनेक वर्षे मुलांसाठी स्वतंत्र आसन आणि पट्टा सक्तीचा व्हावा म्हणून पाठपुरावा केला. अमेरिकेतील अपघातांची चौकशी करणाऱ्या मंडळानेही तशी शिफारस केली. तरीही तिथल्या विमान नियामकाने सक्ती केली नाही. त्यांचा युक्तिवाद असा की जादा तिकीट परवडत नाही म्हणून काही कुटुंबे मोटारीने जातील, रस्त्यावरचा प्रवास विमानापेक्षा कितीतरी धोक्याचा आहे, आणि त्यामुळे एकंदर जास्त मुले दगावतील. हा युक्तिवाद मी अनेकदा तपासून पाहिला आहे. संपूर्ण समाजासाठी नियम करताना तो पटण्यासारखा आहे. पण ज्या पालकांचे विमानानेच जायचे ठरलेले आहे, त्यांना तो लागू पडत नाही.

अपघात बाजूला ठेवू, कारण ते फार विरळ असतात. खरी नेहमीची भीती अचानक बसणाऱ्या हेलकाव्यांची आहे. विमान एकाएकी खाली गेले की पट्टा न बांधलेली प्रत्येक वस्तू वर उडते, आणि नऊ महिन्यांच्या बाळाला नुसत्या हातांनी धरून ठेवणे कोणाच्याही ताकदीबाहेरचे असते. युरोपात मांडीवरच्या बाळाला आईवडिलांच्या पट्ट्याला जोडलेला वेगळा छोटा पट्टा बांधावा लागतो. अमेरिकी नियामक मात्र त्याला परवानगी देत नाही, कारण जोराच्या धक्क्यात मोठ्या माणसाचे शरीर बाळावर दाबले जाण्याची भीती असते. एकाच वस्तूबद्दल दोन नियामक असे उलट बोलतात, यावरूनच कळते की मांडीवरचा कोणताही उपाय निर्दोष नाही. स्वतंत्र आसनावर विमानासाठी मान्यता असलेली कार सीट, म्हणजे मुलाला पट्ट्यांनी बांधून बसवायची मोटारीतली खुर्ची, हाच सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. तशी मान्यता असल्याची चिठ्ठी सीटवरच चिकटवलेली असते. ती सहसा खिडकीकडेच बसवावी लागते, म्हणजे आपत्कालीन परिस्थितीत कोणाची वाट अडत नाही. आसन साधारण ४३ ते ४५ सेंटीमीटर रुंद असते, तेव्हा सीट आधी मोजून पाहा. तीन वर्षांच्या मुलीसाठी ‘केअर्स’ नावाचा, आसनाच्या पाठीला बांधायचा खांद्यांचा पट्टा मिळतो. तो १० ते २० किलो वजनाच्या मुलांसाठी आहे आणि हातातल्या पिशवीत सहज मावतो.


ओंजळ

पट्टाबांधा, तुमचे म्हणणे मनाला भिडले. तरी माझी अडचण खरी आहे. एकटीने दोन मुले, झोळी, पिशवी, बाबागाडी आणि त्यावर कार सीट हे मला वाहून नेता येईल असे वाटत नाही. जाताना बाळ मांडीवर आणि परतताना दोघे असू तेव्हा स्वतंत्र आसन, असा विचार करते आहे. पुढच्या भिंतीजवळचा पाळणा कितपत उपयोगी पडतो?


रानवारा

बॅसिनेट म्हणजे तो पाळणा मिळाला तर हात मोकळे होतात, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. तो मोजक्याच आसनांसमोर असतो, आधी मागावा लागतो, आणि त्याच्या वजनाची मर्यादा कंपनीगणिक वेगळी असते. बाळाने उठून बसायला सुरुवात केली की काही कंपन्या तो देतही नाहीत. चढताना आणि उतरताना तो वापरता येत नाही. पट्टा बांधण्याची खूण पेटली की झोपलेल्या बाळालाही बाहेर काढून कुशीत घ्यावे लागते. माझ्या एका प्रवासात एका रात्रीत चार वेळा बाळाला उचलावे लागले. दर वेळी त्याने डोळे उघडून आधी छताकडे, मग माझ्याकडे पाहिले आणि चौथ्या वेळी ते हमसून हमसून रडले. त्या आसनांचे हात वर होत नाहीत आणि पुढे आसन नसल्यामुळे चढता-उतरताना पायाशी पिशवीही ठेवू देत नाहीत, म्हणजे नेमकी हवी ती बाटली वरच्या कप्प्यात अडकते. लागणाऱ्या वस्तू तेवढ्यापुरत्या अंगावरच्या खिशांत ठेवा.

झोळीत बाळ झोपले असेल तरी चढता-उतरताना त्याला बाहेर काढायला सांगतात. झोळीला सुरक्षा-पट्टा मानले जात नाही, म्हणून त्यावरून वाद घालू नये.


बालवैद्य

मी बालरोगतज्ज्ञ आहे. पालक मला तीन गोष्टी नेहमी विचारतात, त्या इथे लिहिते.

पहिली गोष्ट कानांची. विमानाच्या आतला हवेचा दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असतो तितका ठेवतात. विमान खाली येऊ लागले की कानाबाहेरचा दाब वाढतो, मधल्या कानातला मात्र कमीच राहतो आणि पडदा आत ओढला जातो. घसा आणि मधला कान यांना जोडणारी युस्टेशियन नलिका गिळताना उघडते आणि दाब सारखा होतो. लहान मुलांत ती अरुंद आणि जास्त आडवी असते, त्यामुळे त्यांना त्रास जास्त होतो. म्हणून चढण्यापेक्षा उतरण्याकडे लक्ष द्या. विमान खाली येण्यास चाके टेकण्याच्या अर्धा तास आधीच सुरुवात होते, आणि पालक मात्र शेवटच्या पाच मिनिटांत बाटली काढतात. उतरणे सुरू झाल्याची घोषणा झाली की बाळाला जागे करून पाजा, कारण झोपेत गिळण्याचे प्रमाण कमी असते. पाजताना बाळाला थोडे उभे धरा. तीन वर्षांच्या मुलीला पेल्यातून घोट घोट पाणी द्या. सर्दीने नाक गच्च असेल किंवा कान दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

दुसरी गोष्ट झोपेच्या औषधाची. मूल शांत राहावे म्हणून सर्दी-अॅलर्जीचे गुंगी आणणारे औषध देऊ नका. काही मुलांत त्याचा उलटा परिणाम होऊन ती अधिकच चिडचिडी होतात, आणि लहान बाळांत श्वास मंदावण्याचा धोका असतो.

तिसरी गोष्ट प्राणवायूच्या मास्कची. ‘आधी स्वतःचा लावा’ ही सूचना आईच्या मनाला कठोर वाटते. पण ३५,००० फुटांवर दाब एकदम गेला तर मोठ्या माणसाला शुद्धीत राहून काम करायला एका मिनिटापेक्षाही कमी वेळ मिळतो. तुम्ही शुद्धीत असाल तरच दोन्ही मुलांना मास्क लागतील. प्रत्येक रांगेतल्या आसनगटात सहसा एखादाच जादा मास्क असतो, म्हणून मांडीवरची दोन बाळे सहसा शेजारी बसवत नाहीत.


पाऊलखूण

विमानात आधी चढण्याची सवलत मिळते, ती प्रत्येक वेळी घ्यायलाच हवी असे नाही. दोन मोठी माणसे असतील तर एकाने सामान आणि कार सीट घेऊन आधी जावे आणि दुसऱ्याने चालत्या मुलाला शेवटपर्यंत बाहेर हिंडू द्यावे. एकटे असाल तर मात्र आधीच चढा, कारण गाडीची घडी, चिठ्ठी वाचणे आणि फोटो काढणे हे मागे रांग लागल्यावर धड होत नाही.


ओंजळ

सर्वांना उत्तर द्यायला उशीर झाला, कारण प्रवास करून काल परतले.

जाताना छत्रीघडीची गाडी मैत्रिणीकडून घेतली होती. गेटवर चिठ्ठी वाचली तर पुन्हा शेवटच्या विमानतळाचेच संकेतचिन्ह होते. मी मधल्या ठिकाणी गाडी लागेल असे सांगितल्यावर कर्मचाऱ्याने काही न बोलता चिठ्ठी फाडली आणि दुसरी लावली. त्याला दहा सेकंदही लागले नसतील. मधल्या विमानतळावर दारातून बाहेर पडले तेव्हा भिंतीला टेकवून ठेवलेली गाडी आधी मुलीला दिसली. बाळ झोळीत, मुलगी गाडीत, पिशवी गाडीच्या दांड्याला. चार तास थांबावे लागले आणि त्यातले दोन तास मुलगी झोपली.

उतरण्याची घोषणा होताच बाळाला उठवून पाजले. ते कुरकुरले, पण कानाला हात लावून रडले नाही. परतीच्या वेळी बाळासाठी खिडकीकडचे आसन घेतले आणि कार सीट बसवली. वाटेत एकदा बरेच हेलकावे बसले. मी शेजारच्या आसनावर बसून त्याच्या छातीवरच्या पट्ट्याच्या कडीवर हात ठेवला होता. ते शांतपणे स्वतःचा मोजा ओढत होते.

परतीला दुसऱ्या टप्प्यात गाडी दाराशी न येता पट्ट्यावर आली आणि तिच्या दांड्यावरचे रबर फाटले होते. बाहेर पडण्याआधीच खिडकीवर नोंद केली, फोटो दाखवले आणि क्रमांक घेतला. लेखी तक्रार आज सकाळी पाठवली आहे. काय उत्तर येते ते इथेच लिहीन.